कातडं पितं

माणसाचं कातडं ही काय चीज आहे ते मला एका मेलेल्या डुकराच्या कानानं शिकवलं. हसायचं त्यानं हसून घ्यावं. मी चौथीतून शाळा सोडली, ती मास्तरांनी काढलं म्हणून नाही, मला तिथं बसवेना म्हणून. त्यामुळं इथं लिहितोय ते पुस्तकातलं नाही. डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि थोडं माझ्याच बोटांतून आत गेलेलं आहे.

ऐंशी साल उलटल्यानंतरची गोष्ट. आमची शेती खालापूरकडची, पावसाच्या एका पिकाची. भात झोडून झालं की माणूस रिकामा. साजगावला कारखाने उभे राहिले तसा मीही गेलो. आधी पिंपं लोटायचं काम केलं. पुढं एका औषधाच्या कारखान्यात प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुवायला घेतलं. घरी सांगितलं तर थोरल्या भावाची बायको, माझी वहिनी, पदर तोंडाला लावून हसली.

"भाऊजी, घरात कधी ताट उचललं नाय, आन् तिथं भांडी घासताय व्हय?"

"ती काचेची हायेत, वहिनी. तुमच्या हातात एक दिवस टिकायची नाय."

थोरल्या भावाला मी दादा म्हणायचो. बाप लवकर गेला, तेव्हापासून तोच माझा बाप. बोलायचा कमी. मी जास्त. दोघांचं मिळून एका घराला पुरेल एवढं बोलणं व्हायचं.

त्या वर्षी लावणीत चिखलात उभा असताना दादा एकदम छाती धरून बांधावर बसला. घामानं निथळलेला, ओठ पांढरे. खोपोलीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, काळजाला रक्त नेणाऱ्या नळ्या आवळल्यात. कळ आली की एक बारीक गोळी जिभेखाली ठेवायची. ती नळ्या सैल करते. गोळी नेहमी जवळ हवी, आणि वेळेला घेतली नाही तर पुढच्या खेपेला माणूस उठेल असं नाही.

दादानं मान हलवली. मग विचारलं, "घट बसलं की कसं करायचं?"

आमच्या गावदेवीच्या घटाला बसायचा मान आमच्या घराचा, आणि घरातल्या थोरल्याचा. नवरात्रात घट बसले की दिवस उजाडल्यापासून सांजेच्या आरतीपर्यंत घटासमोर पाटावर बसायचं आणि तोंडात काही म्हणून घालायचं नाही. पाणी नाही, तंबाखू नाही, चूळसुद्धा भरायची नाही. आजा बसला, बाप बसला, दादा बसत होता.

डॉक्टर म्हणाले, "गोळी गिळायची नाहीच. जिभेखाली विरघळवायची."

दादा शांतपणे म्हणाला, "जीभ तोंडाच्या भायेर हाय काय, डॉक्टर?"

डॉक्टर चिडले. या वर्षी बसू नका म्हणाले. मी लगेच पुढं झालो. "दादा, मी बसतो."

"तू?" दादा माझ्याकडं बघत म्हणाला. "तुला घटकाभर गप बसवत नाय. देवीच उठून जाईल."

विषय तिथंच संपला. आमच्या घरात हट्ट वाटून मिळाला नव्हता, दोघांनाही पुरा पुरा मिळाला होता. मला दिसत होतं, पावसाळा सरेल, घट बसतील, आणि हा माणूस खिशातली गोळी खिशात ठेवून देवीसमोर आडवा होईल.

कारखान्यात आमच्या खोलीत एक मॅडम होत्या. पुण्याकडच्या, वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. मला मामा म्हणायच्या. त्यांचं काम असं, की मलमातलं औषध कातड्यातून आत जातं का, किती जातं आणि किती वेळात जातं, ते शोधायचं. आता हे माणसावर कसं बघणार? माणसाला कापून आत डोकावता येत नाही. म्हणून त्यांनी माणसाच्या जागी एक काचेचं भांडं मांडलं होतं.

ते भांडं अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. मुठीत मावेल एवढं. दोन तुकड्यांचं. वरचा तुकडा उघड्या वाटीसारखा, खालचा पोटासारखा फुगीर, आणि पोटाच्या बाजूनं वर आलेली एक बारीक तोटी. पोटात पाणी भरायचं, ते आपलं रक्त. पोट आणि वाटी यांच्या मधे कातड्याचा तुकडा ताणून बसवायचा आणि दोन्ही काचा चिमट्यानं आवळायच्या. वाटीत मलम लावायचं, आणि तोटीतून घटकेघटकेला थोडं पाणी काढून बघायचं, औषध खाली उतरलं का. भांड्याला बाहेरून काचेचंच दुसरं अंग, त्यातून कोमट पाणी फिरायचं, म्हणजे आतलं 'रक्त' जित्या माणसाएवढं ऊन राहायचं. आणि पोटाच्या तळाशी तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा एक पांढरा तुकडा आपला आपण गरगर फिरायचा. ना हात, ना दोरी. खालच्या पेटीत लोहचुंबक फिरतं म्हणून तो फिरतो, असं मॅडमनी सांगितलं. मला ते कळलं, तरी पहिले काही दिवस मी भांडी धुता धुता मान वळवून तोच बघायचो. रक्त फिरतं राहायला हवं म्हणून त्यांनी ही युक्ती केली होती. काळीज म्हणजे त्या भांड्यात तेवढा एक दाणा.

कातडं मात्र डुकराच्या कानाचं. मी विचारलं, "डुकराचंच कशाला? बकऱ्याचं घ्या, गाईगुरांचं घ्या."

"डुकराच्या कानाचं कातडं माणसाच्या कातड्याच्या फार जवळचं असतं, मामा."

मला राग आला. म्हटलं, "तुमच्या असंल. माझ्या नाय."

त्या इतक्या हसल्या, की हातातली नळी खाली ठेवावी लागली.

खोपोलीच्या बाहेर एक जण डुकरं पाळायचा, त्याच्याकडून कान आणायचं काम माझ्याकडं आलं. पहिल्या दिवशी मी कान घेऊन निघालो. केसाळ, चिखल लागलेला, बघवत नव्हता. अशी वस्तू बाईमाणसाच्या हातात द्यायची म्हणजे कसं तरीच. आमच्याकडं बकऱ्याची मुंडी आणि पाय आणले की आधी पेंढ्याच्या जाळावर भाजतात, केस जळाले की सुरीनं खरवडतात, तेव्हा ते घरात येतं. मी वाटेत तेच केलं. जाळ केला, कान फिरवून फिरवून भाजला, खरवडला, धुतला. तुकतुकीत झाला. मोठ्या तोऱ्यात मॅडमपुढं ठेवला.

त्यांनी हातात घेतला, वास घेतला आणि डोक्याला हात लावला. "मामा, तुम्ही भिंतच पाडून आणलीत."

मला वाटलं, ओरडतील. नाही ओरडल्या. म्हणाल्या, "आता आणलाच आहे, तर गंमत बघा."

त्यांनी त्या भाजलेल्या कानाचं कातडं कुरकुरीत हाडावरून सोलून एका भांड्यात बसवलं. दुसऱ्या भांड्यात माझ्या आधीच्या माणसानं आदल्या दिवशी आणलेलं, न भाजलेलं. दोन्ही वाट्यांत निळं पाणी ओतलं, कपड्यांच्या निळीसारखं. भाजलेल्या कातड्याखाली बघता बघता निळा धागा उतरला. तो दाण्याच्या फिरण्यात सापडला, आणि सगळं पोट आभाळासारखं निळं झालं. दुसऱ्या भांड्यात काही नाही. मी भांडी धुऊन आलो, नाही. जेवून आलो, नाही. सुट्टीचा भोंगा झाला तरी खालचं पाणी आपलं नितळ.

मॅडम म्हणाल्या, "कातड्याच्या अगदी वर एक पापुद्रा असतो. कांद्याच्या पातळ सालीहूनही पातळ. राखण सगळी तो करतो. तुमच्या जाळानं तो गेला."

मी त्या भांड्यापुढं उभा राहिलो. डुक्कर मेलेलं. त्याचा कान कापलेला, सोललेला, काचेत आवळलेला. ज्याच्यासाठी राखण करायची तो धनीच उरला नाही. आणि तरी तो पापुद्रा सांजेपर्यंत थेंब आत सोडत नव्हता. मी माझा हात उलटा करून बघितला. इतकी वर्षं तो हात चिखलात, शेणात, खताच्या पाण्यात घालत आलो, आणि मला वाटायचं मीच बळकट आहे. घरी चालत गेलो त्या दिवशी. वाटेत जे दिसेल त्याच्याकडं बघत होतो, म्हशीकडं, पोरांच्या उघड्या पाठींकडं. सगळे आपापल्या पापुद्र्यात.

मग मलमाची पाळी आली. ते मलम छातीच्या कळेवरचंच होतं. जिभेखालच्या गोळीत जे औषध, तेच मलमात. हे कळलं तेव्हा माझ्या काळजानं उडी मारली. पण निळं पाणी अडवणारा पापुद्रा औषधाला वाट कशी देणार?

"सगळ्यांना नाही देत," मॅडम म्हणाल्या. "काही औषधं तेवढी बारीक असतात, तेलातही विरघळतात. त्यांना तो हळूहळू जाऊ देतो."

त्या तोटीतून पाणी काढायच्या, यंत्रात घालायच्या आणि म्हणायच्या, "आलं, मामा, खाली आलं." मला पाणी तसंच नितळ दिसायचं. मी म्हणायचो, "यंत्राला दिसतं, मला नाय दिसत. मी नाय मानत." त्या म्हणायच्या, "नका मानू. पण हातमोजे घाला."

हातमोजे मी घालत नव्हतो. नांगर धरलेले हात माझे, बाभळीचा काटा त्यांच्यात मोडायचा पण शिरायचा नाही. एक दिवस मलमाच्या वाट्या भरता भरता माझी बोटं बरबटली. मनगटाला लागलं, तेही तसंच राहिलं. थोड्या वेळानं तोंड तापलं. कानशिलात घण पडायला लागले. उठायला गेलो तर डोळ्यांपुढं अंधार. मॅडम धावत आल्या, मला खाली निजवलं, पायांखाली खोकं ठेवलं आणि माझे हात साबणानं धुतले, आई लेकराचे धुते तसे.

"मामा, औषध तुमच्या हातातून आत गेलं. डोक्याच्या नळ्या सैल झाल्या, म्हणून डोकं ठणकतंय. काही वेळानं उतरेल."

फरशीवर पडल्या पडल्या मला राग यायला हवा होता. पण मला रडू येईल असं वाटलं, आणि ते दुखण्यानं नव्हे. माझं तोंड बंद होतं, हाताला ओरखडाही नव्हता. आणि मी औषध प्यालो होतो. कुठून प्यालो ते मला कळलंही नव्हतं. ज्याला मी भिंत म्हणत होतो तिला दार होतं, आणि ते दार कुणाला उघडायचं हे तिला ठाऊक होतं. मला कुणी विचारलंही नव्हतं.

असं काही पाहिल्यावर गप्प बसणं मला जमलं नसतं. भाताच्या गिरणीवर, दुकानात, नदीवर, जो भेटेल त्याला सांगत सुटलो. "कातडं पितं रं! तोंडासारखं पितं!" लोक म्हणायचे, मग जेवायला वाढलं की आमटी पोटावर ओत. मी भांडायचो.

मॅडमना दादाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, आमच्या मलमाचं अजून काही ठरलेलं नाही, यातलं बोटभरही कुणाला लावायचं नाही. पण असं मलम मुंबईत मिळतं, तुमच्या डॉक्टरांना विचारा. डॉक्टरांना पटलं. त्यांनी लिहून दिलं, मुंबईला जाणाऱ्या एकाकडून ते आलं. बरोबर आखलेले कागद होते. कागदावर मलमाची रेघ काढायची आणि कागद छातीवर चिकटवायचा. पहाटे एक, दुपारी एक. कळ यायच्या आतच औषध आत हजर. तोंडाचा संबंध नाही.

मी ते दादापुढं ठेवलं. वाटलं, जिंकलो.

दादानं मलमाची नळी उलटीपालटी करून बघितली. म्हणाला, "हे लावलं की आत जातं?"

"जातंच! मी सोता बघितलंय."

"म्हंजे कातडं पितं."

"पितं की!"

"मंग उपास मोडला." दादानं नळी माझ्या हातात परत दिली. "तोंडानं प्यालं काय, छातीनं प्यालं काय. तूच गावभर सांगत फिरतोस नव्हं?"

वहिनी चुलीपुढून उठली. तिचे डोळे भरले होते, पण जीभ तिखट. "आदी तुमच्या तोंडाला उपास लावा, भाऊजी! गपचूप आणून 'तेल हाय, चोळा' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?"

खरंच काय बिघडलं असतं? पण आता ते बोलून उपयोग नव्हता. घट बसायला आठवडाही उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मॅडमना म्हटलं, "तुमी एकदा गावात या. दादाला सांगा, आत काय जात नाय म्हणून. तुमचं ऐकंल."

त्यांनी यंत्र बंद केलं. मग म्हणाल्या, "मामा, आत जातं हे दाखवण्यासाठीच मी इथं बसते. मी तसं कसं सांगू?" मला वाईट वाटलं, पण त्यांचा मला अभिमानही वाटला. त्या पुढं सहज म्हणाल्या, "हे औषध काही नवीन नाही. सुरुंगाच्या कांड्यांत हेच असतं. त्या कांड्या हाताळणाऱ्या मजुरांची डोकी दुखायची, त्यावरून पूर्वी बऱ्याच गोष्टी कळल्या. सुट्टीनंतर कामावर आले की जास्त दुखायची."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. "सुरुंगाच्या? डोंगर फोडतात त्या?"

"त्याच. तिथं भरपूर, म्हणून फुटतं. इथं कणभर आणि लोण्यासारख्या मलमात मिसळलेलं. इथं ते फोडत नाही, सैल करतं."

डोंगर फोडणारी वस्तू काळजाची गाठ सोडवते! पण मला त्याहून दुसरंच आठवत होतं. घाटात रेल्वेची नवी लाइन पडत होती तेव्हा दादा ठाकुरवाडीच्या वर बोगद्याच्या कामावर होता, कांड्या भरायला. कपाळ बांधून घरी यायचा. घरात सगळे म्हणायचे, डोंगराची बाधा आहे.

सांजेला दादा अंगणात इळ्याला धार लावत होता. मी समोर बसलो. या वेळी हळू बोललो. कांडीत काय असतं ते सांगितलं. दादाचा हात थांबला.

"सुट्टीवरनं गेलं की पयला दिवस डोकं फुटायचं," तो म्हणाला. "आमी नारळ फोडायचो डोंगराला."

"ते डोंगराचं नव्हतं, दादा. हातातनं आत जायचं."

त्यानं इळा बाजूला ठेवला. "आमच्यात एक म्हातारा होता. त्यानं शिकवलं. सुट्टीला घरी जाताना कांडीवरचा कागद टोपीत खोचून न्यायचा, कपाळाला टेकंल असा. म्हंजे अंगाची सवय मोडत नाय, आन् परत आलं की डोकं दुखत नाय. समदे न्यायचे. मी बी."

मग त्याचा हात कपाळाला गेला. त्याच्या मनात काय आलं ते मलाही त्याच क्षणी कळलं. दादाला सुट्टी मिळायची ती नवरात्रात. घटाला बसण्यासाठीच तो यायचा. टोपी घालून बसायचा. टोपीत कागद. म्हणजे त्या सगळ्या वर्षांत देवीसमोर पाटावर बसून, तोंड कोरडं ठेवून, दादाचं कपाळ हेच औषध पीत होतं.

मी घाबरलो. वाटलं, आता हा म्हणणार, माझे सगळे उपास मोडले, आणि कळेनं नाही तर या दुःखानं जाणार.

वहिनी उंबऱ्यात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

दादा उठला, हात धुतले आणि देवळाकडं गेला. आम्ही दोघं तसेच थांबलो. परत आला तेव्हा चेहरा पावसानंतरच्या खडकासारखा स्वच्छ होता.

"देवीला ठावं होतं," तो म्हणाला. "मला नव्हतं, पर तिला ठावं होतं. तिनं मला पाटावरनं उठवलं नाय."

वहिनीनं विचारलं, "मंग?"

"मंग काय? आत्ता बी उठवायची नाय." आणि माझ्याकडं वळून, "आण रं तुझा कागद. पर फुशारकी मारू नको. तू काय शोधून काढलं नायस."

मी मारली नाही. हे लिहितोय तेवढीच.

घट बसले त्या पहाटे दादानं आंघोळ केली. मी कागदावर मलमाची रेघ काढली, डॉक्टरांनी सांगितली तेवढीच. त्यानं तो कागद हातात घेतला, कपाळाला लावून नमस्कार केला आणि स्वतःच्या हातानं छातीवर चिकटवला. वर उपरणं घेतलं आणि पाटावर जाऊन बसला. खिशात गोळी होती. कळ आली तर ती घेशील का, असं मीही विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. देवळाच्या दारात मी दिवसभर बसून राहिलो. दुपारचा कागद बदलताना तो माझ्याकडं न बघता, पुटपुटल्यासारखं म्हणाला, "येतंय."

"काय?"

"आत येतंय रं काय तरी. ऊब येते."

लोक येत होते, फुलं वाहत होते, पाया पडत होते. मी उपरण्याखालून वर-खाली होणाऱ्या त्या छातीकडं बघत होतो. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. कागदही हलत नव्हता. आणि तिथं, त्या मातीच्या घटापासून हातभर अंतरावर, डोंगर फोडणारं ते औषध माझ्या भावाच्या कातड्यातून कणाकणानं आत चाललं होतं.

सांज झाली. आरतीचं ताट आलं. दादा गुडघ्यावर हात टेकून उठला, आणि ताट घेण्यासाठी त्यानं दोन्ही हात पुढं केले.